स्ट्रासबर्ग, पाठीवर सॅक घेऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपला पहिल्यांदा निघालेली आपली मंडळी पॅरिस पाहतात आणि तिथून थेट स्वित्झर्लंड गाठतात. वाट जराशी वाकडी करून मी स्ट्रासबर्गला उतरले, तिथल्या कॅथेड्रलने, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चने, मला धरून ठेवलं, आणि परत आल्यापासून ओळखीचे-अनोळखी लोक त्याच त्या गोष्टी विचारत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. दर आणि वेळा बदलतात म्हणून त्या शक्यतो टाळल्या आहेत. निघण्याआधी त्या ताज्या तपासून घ्या.

स्ट्रासबर्ग नेमकं कुठे आहे? आणि इतकी शहरं सोडून तिथेच का?

फ्रान्सच्या अगदी पूर्व कडेला, आल्सास प्रांतात. ऱ्हाईन ओलांडली की जर्मनी. पॅरिसच्या 'गार द लेस्त' स्थानकावरून वेगवान टीजीव्ही गाडी दोन तासांच्या आत पोचवते. इल नावाची नदी दोन हातांनी वेढा घालते आणि मधे जुन्या शहराचं बेट तयार होतं. हे अख्खं बेट १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि १८७१ नंतर जर्मनांनी वसवलेला 'नॉयश्टाट' हा भाग २०१७ मध्ये त्याला जोडला गेला.

तिथेच का, याचं माझं उत्तर कॅथेड्रल हेच आहे. मोठी कॅथेड्रल युरोपात पुष्कळ आहेत. इथे मात्र बांधणाऱ्यांची परंपराही शाबूत आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, आणि या पानावरचं काही एकच वाचणार असाल तर ते वाचा.

अर्ध्या दिवसात होतं का?

फोटो काढून होतात. शहर पाहून होत नाही. किमान दोन रात्री तरी राहा, असं मी सगळ्यांना सांगते, आणि त्याचं कारण प्रकाश आहे.

कॅथेड्रलचं मुख्य दर्शनी अंग पश्चिमेला आहे. सकाळी ते सावलीत असतं, दगड करडा-तपकिरी आणि थोडा रुसलेला वाटतो. हा व्होज डोंगरातला गुलाबी वालुकाश्म. दुपार कलली की त्याच्यात रंग चढायला लागतो, आणि उन्हाळ्यातल्या लांबलेल्या संध्याकाळी सगळी भिंत आतून तापल्यासारखी लाल होते. पाऊस पडून गेल्यावर ती पुन्हा वेगळी, गडद, जांभळ्याकडे झुकणारी. सकाळी उतरून दुपारच्या गाडीने निघणाऱ्याला यातलं एकच रूप दिसतं, आणि तेही सगळ्यात फिकं.

पहिल्यांदा जाल तेव्हा गुटेनबर्ग चौकातून 'रू मेर्सिएर' या छोट्या गल्लीने जा. समोर मोठं पटांगण नाही, त्यामुळे लांबून हळूहळू जवळ येणं हा प्रकारच नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, मधे अरुंद फट, आणि त्या फटीत मावत नाही एवढी भिंत एकदम उभी. मी मान वर करून चालत राहिले आणि मनोऱ्याचं टोक काही केल्या नजरेत येईना. त्या भिंतीपुढे दगडाचे बारीक, उंच खांब मोकळे उभे केलेत. मूळ भिंत आणि त्यांच्यात अंतर आहे, त्यामुळे सावल्या एकमेकींवर पडत राहतात आणि दगड जाळीसारखा वाटतो.

मनोरा एकच का? दुसरा पडला का?

पडला नाही, बांधलाच गेला नाही.

१०१५ मध्ये बिशप वेर्नर यांनी इथे मोठं चर्च बांधायला घेतलं. ते पुन्हा पुन्हा आगीत सापडलं. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने काम सुरू झालं ते जुन्या, गोल कमानींच्या रोमनेस्क पद्धतीने. मग फ्रान्सकडून टोकदार कमानींची गॉथिक पद्धत आली आणि कामाचं वळणच बदललं. आत गेल्यावर हे उघड दिसतं: पूर्वेचा भाग जाड, काळोखा, जमिनीला धरून बसलेला, मधला सभामंडप उंच आणि उजेडाने भरलेला. मधला भाग १२७५ मध्ये पुरा झाला. १२७७ मध्ये पश्चिमेची भिंत सुरू झाली आणि तिच्याशी एर्विन फॉन श्टाइनबाख या स्थपतीचं नाव जोडलं गेलं. ते १३१८ मध्ये गेले. पुढे उल्मचे उलरिख फॉन एन्सिंगेन यांनी मनोऱ्याचा अष्टकोनी भाग चढवला, आणि कोलोनचे योहानेस ह्युल्त्झ यांनी १४३९ मध्ये कळस पुरा केला. उंची १४२ मीटर.

दुसऱ्या मनोऱ्याचा आराखडा पुढे हान्स हामर यांनी काढला होता. तो कागदावरच राहिला. तरीही १६४७ पासून १८७४ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षं, ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. पुढे हॅम्बुर्गच्या सेंट निकोलाय चर्चने तो मान घेतला.

एकच मनोरा अपुरा वाटतो का, असंही विचारतात. मला वाटला नाही. दोन असते तर भिंत जड झाली असती. आता सगळी इमारत एका बाजूने वर निसटल्यासारखी दिसते.

आत काय चुकवू नये?

दक्षिण बाजूच्या भागात 'देवदूतांचा स्तंभ' आहे, साधारण १२३० चा. एकाच खांबाभोवती तीन थरांत बारा मूर्ती: खाली चार शुभवर्तमानकार, म्हणजे बायबलमधली ख्रिस्ताची चरित्रं लिहिणारे, मधे तुतारी वाजवणारे देवदूत, सर्वांत वर ख्रिस्त आणि आणखी देवदूत. अखेरच्या न्यायनिवाड्याचा प्रसंग एरवी दारावर कोरतात. इथे तो खांबावर आहे, म्हणून त्याला फेरी घालत पाहावा लागतो.

तिथेच वर, कठड्यावर हात टेकून एक दगडी माणूस त्या खांबाकडे टक लावून बघतोय. एवढ्याशा खांबावर छत टिकणार नाही, असं एकजण सारखं म्हणत असे. तेव्हा कारागिरांनी त्यालाच दगडात कोरून बसवला, 'खांब पडेपर्यंत बघत बस', अशी कथा सांगतात. खांब उभा आहे.

व्यासपीठ १४८५ चं, हान्स हामर यांनीच घडवलेलं. गायलर फॉन कायझर्सबर्ग या गाजलेल्या प्रवचनकारासाठी ते केलं होतं. त्याच्या जिन्यापाशी झोपलेला छोटा कुत्रा शोधा.

रंगीत काचा पाहायला ऊन असतानाच जा. डाव्या अंगाला जर्मन सम्राटांची ओळ आहे, काही काचा बाराव्या-तेराव्या शतकातल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर फ्रेंचांनी काचा काढून दोर्दोन्य भागात हलवल्या, नंतर जर्मनांनी त्या नेऊन हाइलब्रॉनच्या मिठाच्या खाणीत ठेवल्या, आणि १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याला त्या तिथे सापडल्या. ऑगस्ट १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात खुद्द इमारतीला मार बसला होता. या काचा तेव्हा जागेवर असत्या, तर आज आपल्याला काय दिसलं असतं या विचाराने मला तिथे बराच वेळ हलता आलं नाही. गाभाऱ्यामागची मधली काच मात्र नवी, १९५६ ची, युरोप परिषदेने दिलेली. मेरीच्या वर निळ्यात बारा तारे आहेत.

बाहेर इतका वारा का असतो?

उंच भिंत आणि अरुंद गल्ल्या. पण लोककथा अशी: सैतान वाऱ्यावर स्वार होऊन पृथ्वी फिरत होता. कॅथेड्रलवर आपलंच चित्र कोरलेलं पाहून तो कौतुकाने आत गेला आणि आतच अडकला. वारा तेव्हापासून दाराशी त्याची वाट बघत घुटमळतोय. थंडीत जाणार असाल तर कान झाकणारी टोपी घ्याच.

खगोलीय घड्याळाचं एवढं काय आहे? तिकीट काढून बघण्यासारखं आहे का?

हो. आणि पंचांगाच्या सोबतीने वाढलेल्या माणसाला ते जास्तच भिडतं.

या कॅथेड्रलमधलं हे तिसरं घड्याळ. पहिलं चौदाव्या शतकातलं. दुसरं १५७४ मध्ये गणितज्ञ कोनराड दासिपोडियस यांनी उभं केलं. आज दिसणारी चित्रं काढलेली लाकडी मांडणी बरीचशी त्याच काळातली. ते बंद पडलं आणि बरीच वर्षं तसंच राहिलं. जॉं-बातिस्त श्विल्गे यांना लहानपणापासून एकच ध्यास होता की हे घड्याळ आपण चालू करायचं. १८३८ मध्ये त्यांना काम मिळालं आणि १८४२ मध्ये नवी यंत्रणा फिरू लागली.

दुपारी साडेबाराला बारा प्रेषित, म्हणजे ख्रिस्ताचे शिष्य, त्याच्यासमोरून जातात आणि डावीकडच्या बुरुजावरचा कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. साडेबाराच का? घड्याळ स्ट्रासबर्गच्या स्थानिक वेळेवर लावलेलं आहे. मध्य युरोपीय प्रमाणवेळ इथल्या सूर्यापेक्षा अर्ध्या तासाने पुढे आहे, म्हणजे हिवाळ्यात आपल्या मनगटावर साडेबारा वाजतात तेव्हा इथला सूर्य माथ्यावर आलेला असतो. दर पाव तासाला मृत्यूच्या पुढून माणसाचं एक वय सरकतं: बालक, तरुण, प्रौढ, म्हातारा. एक देवदूत तास भरला की वाळूचं घड्याळ उलटं करतो.

गर्दी एवढं बघून पांगते. तुम्ही थांबा, कारण खरी करामत खाली आहे. वाराप्रमाणे रथातून एकेक देवता पुढे येते: सोमवारी चंद्राची, मंगळवारी मंगळाची, मग बुध, गुरू, शुक्र, शनी आणि रविवारी सूर्याची. हा क्रम आपलाच आहे हे पाहून मला त्या परक्या इमारतीत एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्याच्या बाजूला ईस्टर काढणारी चाकांची यंत्रणा. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. सूर्य आणि चंद्र दोघांचा मेळ घालायचा, म्हणून तारीख दरवर्षी हलते. हे गणित दातेरी चाकं करतात, वर्षातून एकदा, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री. लीप वर्षांचा चारशे वर्षांचा नियमही चाकांत बसवलेला आहे. आणि समोरच्या ताऱ्यांच्या गोलात अशी एक गती आहे की जिची एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ २६ हजार वर्षं लागतात. ती संपातचलनाची, म्हणजे पृथ्वीचा आस अगदी सावकाश घुमत जातो त्याची. आपले ज्योतिर्गणिती त्यालाच अयनचलन म्हणत आले. कुणा एका माणसाने आपल्या हाताने असं चाक बसवावं ज्याची फेरी बघायला कोणीच असणार नाही, या श्रद्धेपुढे मला नमस्कार करावासा वाटला.

दुपारच्या कार्यक्रमाच्या वेळी नेहमीचा मोफत प्रवेश थांबवतात आणि वेगळं तिकीट लागतं. रविवारी आणि सणावारी आधी चौकशी करा.

मनोऱ्यावर चढता येतं का? दमायला होतं का?

दक्षिणेच्या बाजूने तिकीट काढून वर जाता येतं. साधारण ३३० पायऱ्या, ६६ मीटरवर सपाट गच्ची. सिंहगड चढणाऱ्याला दम लागणार नाही, पण जिना गोल आणि अरुंद आहे, बाजूने हवा आरपार जाते, आणि जाळीतून खालचं शहर दिसत राहतं. उंचीची भीती असेल तर विचार करा. पुढे महाकवी झालेला जर्मन तरुण गोएथे १७७०-७१ मध्ये इथे शिकत होता, तेव्हा तीच भीती घालवायला तो मुद्दाम या मनोऱ्यावर चढत असे.

वरून पश्चिमेला व्होजचे डोंगर आणि पूर्वेला जर्मनीचं 'ब्लॅक फॉरेस्ट' दिसतं. गच्चीवर पूर्वी पहारेकरी राहायचे, आग किंवा शत्रू दिसला की इशारा द्यायला. जुन्या प्रवाशांनी दगडात कोरलेली नावंही आहेत. आपण कोरू नये, हे सांगायला लागू नये.

परांच्या बांधलेल्या असतील तर जाण्यात अर्थ आहे का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि याचंच उत्तर द्यायला मला सर्वांत आवडतं. परांच्या तिथे कुठे ना कुठे असणारच. त्या पाहूनच यावं असं मी म्हणेन.

कॅथेड्रलची देखभाल 'लव्र नोत्र-दाम' ही संस्था करते. तिचे उल्लेख तेराव्या शतकापासून आहेत आणि त्याच शतकाच्या अखेरीस तिचा कारभार बिशपकडून शहराकडे आला. म्हणजे हे बांधकाम नागरिकांचं झालं. लोकांनी जमिनी दिल्या, घरं दिली, पैसे, कपडे दिले. दात्यांची नावं एका वहीत उतरली जात, चौदाव्या शतकापासून सोळाव्यापर्यंत, हजारोंनी. संस्थेकडे अजूनही जमीनजुमला आणि घरं आहेत, आणि त्यांचं उत्पन्न दगडाच्या कामाला लागतं. १४५९ मध्ये रेगेन्सबुर्गला जर्मन मुलखातल्या पाथरवटांची सभा भरली, तेव्हा स्ट्रासबर्गच्या कार्यशाळेला सर्वांत वरचा मान दिला गेला होता.

ही कार्यशाळा आजही चालू आहे. पाथरवट आणि शिल्पी तिथे नोकरीला आहेत, शिकाऊ मुलंमुली हाताखाली तयार होतात. झिजलेला दगड काढतात, त्याच जातीचा नवा दगड आणून छिन्नी-हातोड्याने घडवतात आणि जागेवर बसवतात. नवा तुकडा काही वर्षं उजळ दिसतो. बारकाईने पाहिलंत तर भिंतीवर असे तुकडे ओळखू येतात, आणि मग ती भिंत कुठल्या एका काळाची राहत नाही. २०२० मध्ये युनेस्कोने युरोपातल्या पाच देशांमधल्या अशा कॅथेड्रल-कार्यशाळांची जपणुकीचं उत्तम उदाहरण म्हणून नोंद केली. त्यात स्ट्रासबर्ग आहे.

इमारत अनेकदा जाता जाता वाचली. १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या भरात पुतळे फोडण्याचा हुकूम निघाला आणि दोनशेहून अधिक फुटले. जॉं हेर्मान या निसर्गशास्त्राच्या प्राध्यापकांनी काही मूर्ती वनस्पतिउद्यानात पुरून लपवल्या. समतेच्या विरोधात जाणारा म्हणून कळसच उतरवावा अशी मागणी झाली, तेव्हा त्याच्यावर पत्र्याची प्रचंड क्रांतिटोपी चढवून तो वाचवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनोऱ्याखालचा खांब तडकायला लागला. पाया जुन्या चर्चचा, खाली लाकडी खुंट्या, आणि भूजल उतरल्याने लाकूड कुजत चाललेलं. योहान क्नाउट यांच्या योजनेने मनोरा तोलून धरत खालचा पाया काँक्रीटचा केला गेला. काम १९२६ मध्ये संपलं, ते बघायला क्नाउट हयात नव्हते.

आपल्याकडे देवळांच्या जुन्या दगडावर ऑइलपेंट चढतो, गडाच्या तटाला सिमेंटचे लिंपण होतं. तिथे उभं राहून मला राग कमी आणि हेवा जास्त वाटला. दगड घडवणारे हात आपल्याकडेही आहेत. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकाच इमारतीवर पगारी कामाला ठेवणारी संस्था आपल्याकडे व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

कॅथेड्रलच्या शेजारीच लव्र नोत्र-दामचं संग्रहालय आहे. झिजलेल्या मूळ मूर्ती तिथे डोळ्यांच्या उंचीवर पाहता येतात, आणि मध्ययुगीन स्थपतींनी चर्मपत्रावर काढलेले आराखडे तिथेच जपले आहेत. खिशाला एकच तिकीट परवडत असेल तर हे काढा.

दक्षिण दारावरच्या त्या दोन स्त्रिया कोण?

एक मुकुट घातलेली, ताठ: ख्रिस्ती धर्म. दुसरी मोडक्या भाल्याची, डोळ्यांवर पट्टी: ज्यू धर्म. मूर्तिकला म्हणून मध्ययुगात याहून सुंदर काम थोडं असेल, आणि पट्टी बांधलेली स्त्री दोघींत अधिक सुंदर आहे. पण तिचा अर्थ विसरून पुढे जाऊ नका. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी, प्लेगचा दोष विहिरीत विष घातल्याच्या अफवेने ज्यूंवर ढकलून, याच शहराने शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. दारावर प्रती आहेत, मूळ मूर्ती संग्रहालयात.

शहर फ्रेंच की जर्मन?

१६८१ मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने घेतलं तोवर ते जर्मन साम्राज्यातलं मुक्त शहर होतं. १८७१ ला जर्मनीकडे, १९१८ ला फ्रान्सकडे, १९४० ला हिटलरच्या जर्मनीने गिळलं, नोव्हेंबर १९४४ मध्ये पुन्हा फ्रान्स. दीर्घायुषी माणसाने घर न बदलता चार वेळा देश बदलला. रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंचखाली आल्साशियन बोलीतलं नाव असतं.

याचे परिणाम प्रवाशालाही जाणवतात. फ्रान्सने १९०५ मध्ये धर्म आणि शासन वेगळे केले तेव्हा आल्सास जर्मनीत होता, त्यामुळे तो कायदा इथे लागू नाही आणि धर्मगुरूंचा पगार आजही सरकार देतं. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या सुट्ट्या उरलेल्या फ्रान्समध्ये नाहीत, इथे आहेत.

रिपब्लिक चौकातलं स्मारक पाहा. १९३६ चं. एक आई आणि तिच्या मांडीवर मरणारे दोन मुलगे. दोघांच्या अंगावर गणवेश नाही, कारण एक फ्रान्सकडून लढला आणि एक जर्मनीकडून. खाली फक्त 'आमच्या मृतांना' एवढंच लिहिलंय. कुठल्या देशासाठी, ते नाही.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते, पण विचारत खावं लागतं. आल्सासचं जेवण डुकराच्या मांसाभोवती फिरतं. 'शुक्रूत' म्हणजे आंबवलेला कोबी, पण तो मांस आणि सॉसेजखाली येतो. 'तार्त फ्लांबे', स्थानिक नाव 'फ्लामकुश', ही पातळ पोळीसारखी भाजलेली भाकरी: वर घट्ट क्रीम, कांदा आणि मांसाचे बारीक तुकडे, ज्यांना 'लार्दों' म्हणतात. 'सां लार्दों' म्हणा, बहुतेक ठिकाणी त्यांच्याशिवाय करून देतात. गरम गरम, कडा करपलेली, हाताने तोडून खायची. मी पोटभर खाल्ली. मशरूमच्या प्रकारातही लार्दों असतात, म्हणून गृहीत धरू नका.

मीठ लावलेला ब्रेत्झेल, बदाम-मनुका घातलेला कुगलहोफ केक, मसाल्याची 'पें देपीस' हे सगळं पिशवीत टिकतं. अंडं चालत नसेल तर केक टाळा. मुन्स्टर चीजचा वास उग्र आणि चव सौम्य, पण अशा पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं. कडक शाकाहारींनी लक्षात घ्या. हॉटेलात 'कराफ' मागितलीत तर नळाचं पिण्याचं पाणी फुकट मिळतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात रांधणार असाल तर शनिवारीच सामान आणा.

कधी जावं? हॉस्टेल कधी महाग पडतं?

मे-जून किंवा सप्टेंबर. डिसेंबरातला नाताळचा बाजार १५७० पासून भरतो आणि दिव्यांनी शहर उजळलेलं असतं, पण डॉर्ममधली खाटसुद्धा खूप आधी ठरवावी लागते आणि बेटावर यायच्या पुलांवर बॅगा तपासतात. दुसरी गोष्ट कमी जणांना माहीत असते: युरोपीय संसदेचं अधिवेशन साधारण महिन्यातून एकदा इथे भरतं, आणि त्या चार दिवसांत सगळीकडचे दर चढतात. तारखा जाहीर असतात, त्या टाळून या. अनेक वर्षी जुलै-ऑगस्टच्या रात्री कॅथेड्रलवर प्रकाशखेळ होतो, तो फुकट.

सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये जाता येतं?

मोठी सॅक घेऊन आत सोडत नाहीत. ती हॉस्टेलवर किंवा स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवा. प्रार्थना चालू असताना फिरू नका. मागच्या बाकावर बसून ऑर्गन ऐका, त्याला तिकीट नाही.

एकट्या मुलीला सुरक्षित आहे का?

मी एकटीच होते. बेटावर रात्री उशिरापर्यंत माणसं असतात, विद्यार्थ्यांचं शहर आहे. स्थानकाच्या आसपास रात्री जशी काळजी कुठल्याही मोठ्या शहरात घेतो तशी घ्या. खरी सवय करावी लागते ती सायकलींची: त्यांचे स्वतंत्र पट्टे आहेत, त्या वेगात आणि आवाज न करता येतात. अडचणीला ११२.

पेतित फ्रांस बघायचं का?

बघायचंच, पण सकाळी आठच्या आत. जुन्या शहराचा हा भाग म्हणजे पूर्वी चामडं कमावणारे, गिरणीवाले आणि कोळी यांची वस्ती. घरांचे वरचे मजले उघडे, कातडी वाळवायला. आज ते पोस्टकार्ड झालंय, तेव्हा तिथे दुर्गंधी असायची. 'छोटा फ्रान्स' हे नाव ऐकायला गोड, पण उपदंशाच्या रुग्णांसाठी काढलेल्या रुग्णालयावरून आलंय. त्या रोगाला तेव्हा फ्रेंचांचा रोग म्हणत. पुढे व्होबाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याच्या नावाच्या धरणाची गच्ची आहे, सतराव्या शतकातली. शत्रू आला तर धरणाचे दरवाजे खाली सोडून दक्षिणेकडचा सखल भाग पाण्याखाली घालायची ती योजना होती. गच्चीवरून पाण्याचे फाटे, बुरूज आणि मागे कॅथेड्रल एका रेषेत दिसतात.

भारताशी काही नातं आहे का या शहराचं?

ऑगस्ट १८७० मध्ये प्रशियन तोफांनी शहराचं ग्रंथालय एका रात्रीत जाळलं. हेराड नावाच्या मठाधिकारिणीने बाराव्या शतकात सिद्ध केलेला सचित्र ज्ञानग्रंथ त्यात कायमचा गेला. त्यानंतर नवं ग्रंथालय उभं राहिलं, तेच आजचं राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय. जर्मन काळात इथल्या विद्यापीठात एर्न्स्ट लॉयमान हे संस्कृतचे प्राध्यापक होते, जैन साहित्याचे मोठे अभ्यासक. या ग्रंथालयात जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे आणि त्याची सूची चंद्रभाल त्रिपाठी यांनी केली. हस्तलिखितं कुणालाही सहज दाखवत नाहीत, पण इमारत रिपब्लिक चौकातच आहे, आई-मुलांच्या त्या स्मारकाजवळ.

ट्रामने जर्मनीत जाता येतं हे खरं का?

खरं. २०१७ पासून डी मार्गाची ट्राम ऱ्हाईन ओलांडून केल गावात जाते. पासपोर्ट सोबत ठेवा, मधूनमधून तपासणी होते. साबण, टूथपेस्ट, सुका खाऊ तिकडे स्वस्त, म्हणून स्ट्रासबर्गकर स्वतः तिकडे खरेदीला जातात. परतताना २००४ च्या पादचारी पुलावरून चालत या. ज्या नदीसाठी एवढी माणसं मेली तिच्यावर संध्याकाळी लोक मुलांना घेऊन फिरत असतात.

पुढे कुठे जावं?

कोलमार रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. तिथल्या उंटरलिंडेन संग्रहालयात माथियास ग्र्युनेवाल्ड यांचं ईझेनहाइमचं वेदीचित्र आहे. तेवढ्यासाठी जा, रंगीबेरंगी घरं आपोआप दिसतील. कॅथेड्रलची गोडी लागलीच असेल तर नदीपलीकडचं फ्रायबुर्ग घ्या. तिथला मनोरा ११६ मीटरचा आणि मध्ययुगातच पुरा झालेला. दोन्हींपैकी एकच जमत असेल तर मी फ्रायबुर्ग निवडेन, आणि सकाळी निघेन, कारण कॅथेड्रलभोवतीचा भाजीबाजार दुपारी उठतो.